समजावून सांगणारा संगीतकार : लेनर्ड बर्नस्टाइन

मैफलीला बसण्याची सवय आपल्यापैकी बहुतेकांना घरातूनच लागलेली असते. मधोमध गवई, एका अंगाला तबला, दुसऱ्या अंगाला पेटी, मागे तंबोरे. कोणी कधी पुढे जायचे, कोणी कधी थांबायचे, हे नजरेच्या खुणेने ठरते. अशा सवयीच्या माणसाने पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा कार्यक्रम पहिल्यांदा पाहिला, की त्याला एक प्रश्न हमखास पडतो. शंभरएक वादक आपापली वाद्ये घेऊन बसले आहेत आणि त्यांच्यापुढे एक माणूस श्रोत्यांकडे पाठ करून उभा आहे. तो गात नाही, वाजवत नाही, नुसते हात हलवतो. मग टाळ्या सर्वांत जास्त त्यालाच का?

त्या माणसाला तिकडे कंडक्टर म्हणतात. आपल्याकडे हा शब्द बसमधल्या तिकिटांशी जोडला गेला आहे, म्हणून या लेखात मी त्याला संचालक म्हणेन. त्याचे काम थोडक्यात असे. पाश्चात्त्य रचना आधी पूर्ण लिहिलेली असते. प्रत्येक वादकापुढे फक्त त्याच्या वाद्याची ओळ असते. बाकीचे काय वाजवणार आहेत ते त्याच्या कागदावर नसते. सगळ्या ओळी एकाखाली एक मांडलेली संपूर्ण संहिता एकट्या संचालकापुढे असते. कोणता स्वर वर आणायचा, कोणता मागे ठेवायचा, लय किती ताणायची, विराम किती लांबवायचा, हे तो ठरवतो आणि तालमीत शंभर जणांच्या गळी उतरवतो. म्हणजे संचालक हा मुळात अर्थ लावणारा आणि तो दुसऱ्यांना पटवून देणारा माणूस असतो.

या माणसाच्या कामातली ही पटवून देण्याची बाजू मी मुद्दाम पुढे ठेवतो आहे. ज्यांच्याविषयी मला सांगायचे आहे, त्या लेनर्ड बर्नस्टाइन यांच्या आयुष्याची किल्ली मला तिथेच सापडते. विसाव्या शतकातले हे अमेरिकेचे सर्वांत प्रसिद्ध संचालक. ‘वेस्ट साइड स्टोरी’ या जगभर गाजलेल्या संगीतिकेचे रचनाकारही तेच. या दोन कामांच्या ओढाताणीत त्यांचे आयुष्य गेले आणि शेवटपर्यंत त्यांना हुरहुर राहिली, की आपण पुरेशा रचना केल्या नाहीत. त्यांच्या टीकाकारांनीही हाच हिशेब मांडला. माझ्या मते या हिशेबात एक रकमेची ओळ धरायची राहून गेली आहे.

बर्नस्टाइन यांचा जन्म २५ ऑगस्ट १९१८ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लॉरेन्स या गिरणगावात झाला. आईवडील दोघेही रशियन साम्राज्यातून, आजच्या युक्रेनमधल्या भागातून, अमेरिकेत आलेले ज्यू निर्वासित. वडील सॅम्युअल यांनी शून्यातून सुरुवात करून केशप्रसाधनाच्या सामानाचा धंदा उभारला होता. घरात धर्मग्रंथांचे वाचन होते, प्रार्थनामंदिरातले गायन कानावर पडत होते, पण वाद्य म्हणाल तर एकही नव्हते. मुलगा दहा वर्षांचा असताना क्लारा आत्याने आपला जुना पियानो त्यांच्या घरी पाठवून दिला, आणि मुलगा त्या पियानोला जो चिकटला तो चिकटलाच.

वडिलांना हे रुचले नाही. त्यांनी गावाकडे पाहिलेला वादक म्हणजे लग्नाकार्यात वाजवून पोट भरणारा, कायम दारिद्र्यातला माणूस. इतक्या कष्टाने देश सोडून आल्यावर मुलाने तेच करावे? शिकवणीचे पैसे द्यायला ते खळखळ करू लागले, तेव्हा मुलाने स्वतः धाकट्या मुलांच्या शिकवण्या घेऊन पैसे उभे केले. पुढे मुलगा जगप्रसिद्ध झाल्यावर लोक वडिलांना या विरोधाबद्दल विचारीत. त्यावर ते म्हणत, की हा मोठा होऊन लेनर्ड बर्नस्टाइन होणार आहे हे मला तेव्हा कसे कळावे? परमुलखात बस्तान बसवलेल्या कोणत्याही बापाचे हे उत्तर आहे. आपल्या घराण्यांतही ते निराळ्या शब्दांत ऐकलेले असेल.

हार्वर्ड विद्यापीठातून १९३९ साली पदवी घेतल्यावर फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेत त्यांनी फ्रिट्झ रायनर यांच्याकडे संचालनाचे धडे घेतले. रायनर अतिशय कडक. संहितेतला प्रत्येक स्वर पाठ असल्याशिवाय हात उचलायचा नाही, ही त्यांची शिस्त. १९४० च्या उन्हाळ्यात टँगलवूड येथे नवे उन्हाळी विद्यालय सुरू झाले आणि तिथे बॉस्टन वाद्यवृंदाचे रशियन संचालक सर्गेई कूसेविट्स्की हे दुसरे गुरू लाभले. त्यांनी या शिष्यावर मुलासारखी माया केली, पण एक सल्लाही दिला : बर्नस्टाइन हे नाव ज्यू आहे, या नावाने मोठी जागा मिळणार नाही, ते बदलून ‘बर्न्स’ कर. शिष्याने गुरूचे बाकी सगळे ऐकले, हे ऐकले नाही.

त्यांच्या चरित्रात १४ नोव्हेंबर ही तारीख तीनदा येते. १९३७ साली याच दिवशी ते ज्येष्ठ रचनाकार आरन कोपलंड यांना भेटले. त्या दिवशी कोपलंड यांचा वाढदिवस होता. अमेरिकन मातीतले संगीत कसे लिहावे, याचे मार्गदर्शन त्यांना पुढे आयुष्यभर कोपलंड यांच्याकडून मिळाले. दुसरी १४ नोव्हेंबर १९४३ सालची. त्या वेळी ते न्यूयॉर्क फिलहार्मोनिक वाद्यवृंदात साहाय्यक संचालक होते. साहाय्यकाचे काम म्हणजे सगळ्या रचना तयार ठेवायच्या आणि मुख्य माणूस आजारी पडण्याची वाट पाहायची. तो सहसा पडत नाही. त्या रविवारी मात्र पाहुणे संचालक ब्रूनो वॉल्टर फ्लूने अंथरुणाला खिळले. पंचवीस वर्षांच्या बर्नस्टाइनना सकाळी निरोप आला : दुपारचा कार्यक्रम तुमचा, तालमीला वेळ नाही. पांघरुणात गुरफटून बसलेल्या वॉल्टर यांनी संहितेतल्या अवघड जागा त्यांना दाखवून दिल्या, तेवढीच तयारी. कार्नेगी हॉलमधला तो कार्यक्रम रेडिओवरून देशभर ऐकवला जात होता. दुसऱ्या दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर त्यांचे नाव होते.

त्यानंतरचे वर्ष तर अवाक करणारे आहे. जानेवारी १९४४ मध्ये पिट्सबर्ग येथे त्यांची पहिली सिंफनी ‘जेरेमाया’ सादर झाली. तिच्या अखेरच्या भागात जेरुसलेमच्या विध्वंसाचा शोक करणारे हिब्रू शब्द गायिका गाते. एप्रिलमध्ये तीन सुटीवरच्या खलाशांवरचा ‘फॅन्सी फ्री’ हा बॅले आला. डिसेंबरमध्ये त्याच कल्पनेतून फुललेली ‘ऑन द टाउन’ ही संगीतिका ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, आली. एकाच वर्षात शोकगंभीर सिंफनी आणि हसतेखेळते नाटक! कूसेविट्स्की यांना ते नाटक पसंत पडले नाही. अभिजात संगीताच्या माणसाने तमाशाच्या फडात पाऊल टाकावे, तसे त्यांना वाटले. गुरू हयात असेपर्यंत, म्हणजे १९५१ पर्यंत, शिष्याने ब्रॉडवेसाठी दुसरी संगीतिका लिहिली नाही.

रसिकहो, ‘हलके’ आणि ‘भारी’ संगीताची ही भिंत आपल्यालाही परिचित आहे. बर्नस्टाइन यांनी ती ओलांडली ती कशी, हे पाहण्यासाठी २६ सप्टेंबर १९५७ रोजी ब्रॉडवेवर आलेल्या ‘वेस्ट साइड स्टोरी’कडे वळू. रोमिओ आणि ज्युलिएटची गोष्ट न्यूयॉर्कच्या गल्लीत आणावी, ही कल्पना नृत्यदिग्दर्शक जेरोम रॉबिन्स यांची. संहिता आर्थर लॉरेंट्स यांची आणि गीते तेव्हा अगदी तरुण असलेल्या स्टीफन सॉन्डहाइम यांची. दोन घराण्यांऐवजी इथे पोरांच्या दोन टोळ्या आहेत. एक गोऱ्यांची, दुसरी प्वेर्तो रिकोहून आलेल्यांची.

आता यातले संगीत आपल्या कानाने ऐकू. नायक ‘मारिया’ हे नाव उच्चारतो, तेव्हा त्याचे तीन स्वर असे : सा, तीव्र मध्यम, पंचम. पाश्चात्त्य परंपरेत षड्ज आणि तीव्र मध्यम यांमधले अंतर अस्वस्थ करणारे, विसंवादी मानले जाते. नाटकातली टोळ्यांची धुसफुस याच अंतरावर उभी आहे. जिथे तिथे हे दोन स्वर एकमेकांना टोचत राहतात. पण नायक प्रेमात पडतो तेव्हा तोच टोचणारा तीव्र मध्यम अर्धा स्वर वर सरकून पंचमावर विसावतो, आणि वैर असलेल्या जागीच प्रेम उगवते. यमन ऐकलेल्या माणसाला हा विसावा निराळा समजावून सांगावा लागणार नाही. ‘अमेरिका’ या गाण्याची लयही अशीच मोजून पाहा. सहा मात्रांचा एक गट दादऱ्यासारखा तीन-तीन असा जातो आणि लगेच पुढचा सहा मात्रांचा गट दोन-दोन-दोन असा पडतो. मात्रा तितक्याच, पण आघात बदलल्यामुळे पाय आपोआप हलू लागतात. ही लय लॅटिन अमेरिकेतून आलेली आहे, आणि ती तिथून आलेल्या माणसांच्याच तोंडी दिली आहे. शास्त्राला धरून आणि रस्त्यावरच्या माणसाला कळेल असे, दोन्ही एकाच वेळी करता येते, याचा हा पुरावा. मूळ प्रयोग ७३२ झाले. १९६१ च्या चित्रपटाला दहा ऑस्कर पुरस्कार मिळाले.

तिसरी १४ नोव्हेंबर १९५४ सालची. ‘ऑम्निबस’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात बर्नस्टाइन बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीवर बोलायला उभे राहिले. स्टुडिओच्या जमिनीवर त्या सिंफनीच्या संहितेचे पहिले पान प्रचंड आकारात रंगवले होते, आणि ज्या वाद्याची जी ओळ, तिच्यावर तो वादक उभा केला होता. मग त्यांनी विचारले, की यातल्या कोणाकोणाला बीथोव्हनने पहिले चार स्वर दिले? एकेक वादक बाजूला जाऊ लागला. तुताऱ्या गेल्या, बासऱ्या गेल्या, नगारे गेले. उरली ती फक्त तंतुवाद्ये आणि क्लॅरिनेट. ते चार स्वर म्हणजे तीनदा पंचम आणि एकदा कोमल गांधार. जगात सर्वांत जास्त ओळखले जाणारे. पण इतक्या गंभीर, काळसर नादासाठी बीथोव्हनने काय काय वगळले, हे त्या दिवशी घरात बसलेल्या माणसाने डोळ्यांनी पाहिले. पुढे त्यांनी बीथोव्हनने खोडून टाकलेले कच्चे खर्डे वाद्यवृंदाकडून वाजवून घेतले. ते वाईट नव्हते, पण बसत नव्हते. रचना म्हणजे स्फूर्तीचा झटका नव्हे, ते अनेक शक्यतांतून एक निवडण्याचे कष्ट आहेत, हे यातून जितके कळते तितके एखादे पुस्तक वाचूनही कळणार नाही.

१९५८ साली ते न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संगीत-संचालक झाले. अमेरिकेत जन्मलेला माणूस त्या पदावर प्रथमच बसत होता. (याच पदावर १९७८ पासून तेरा वर्षे आपल्या मुंबईचे झुबिन मेहता होते.) त्याच वर्षी १८ जानेवारीला त्यांनी मुलांसाठीच्या मैफलींचे दूरचित्रवाणीवरून प्रसारण सुरू केले. पहिल्या कार्यक्रमाचा विषय होता, संगीताचा अर्थ काय? रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ची धावती सुरावट वाजली. त्या काळी एका घोडेस्वार नायकाच्या मालिकेला ती लावलेली असल्यामुळे मुलांनी ओरडून त्याचे नाव घेतले. माझ्या पाच वर्षांच्या मुलीलाही असेच वाटते, बर्नस्टाइन म्हणाले, पण ते खरे नाही. मग त्यांनी सुपरमॅनची एक गोष्ट रचून सांगितली : तुरुंगात कैदी घोरत आहेत आणि सुपरमॅन मित्राला सोडवायला येतो. गोष्टीबरोबर वाद्यवृंद वाजत होता आणि प्रत्येक प्रसंग सुरावटीशी तंतोतंत जुळत होता. नंतर त्यांनी उलगडा केला. ते संगीत रिचर्ड स्ट्रॉस यांच्या ‘डॉन किहोते’चे होते, मुलांना कैद्यांचे घोरणे वाटले ते मूळ रचनेत मेंढ्यांचे बेंबटणे होते. संगीत तेच, गोष्ट निराळी, आणि तरी दोन्ही जुळतात. मग अर्थ गोष्टीत असेल की स्वरांत?

हा प्रश्न त्यांनी विद्वानांच्या सभेत विचारला असता तर तिकडे दोन तट पडले असते. त्यांनी तो आठ-दहा वर्षांच्या मुलांना विचारला आणि मुलांनी उत्तर शोधले. १९७२ पर्यंत असे ५३ कार्यक्रम झाले. त्यांत सोनाटाची बांधणी समजावताना त्यांनी बीटल्सचे गाणे स्वतः म्हणून दाखवले. त्यांतच माहलर या तेव्हा फारशा न वाजवल्या जाणाऱ्या रचनाकाराची ओळखही करून दिली.

माहलर यांच्याशी त्यांचे नाते वेगळेच होते. गुस्ताव माहलर हेही ज्यू, हेही संचालक आणि रचनाकार. आयुष्याच्या अखेरीस ते याच न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संचालक होते आणि रचना करायला त्यांना केवळ उन्हाळ्याची सुटी मिळे. ज्यांच्या आजारपणामुळे बर्नस्टाइन यांना पहिली संधी मिळाली ते वॉल्टर माहलर यांचेच शिष्य. १९६० च्या दशकात बर्नस्टाइन यांनी माहलर यांच्या नऊही पूर्ण सिंफनी ध्वनिमुद्रित केल्या. अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येनंतर दोनच दिवसांनी, २४ नोव्हेंबर १९६३ रोजी, त्यांनी दूरचित्रवाणीवरून देशाला माहलरची दुसरी सिंफनी ऐकवली. माहलर यांची कर्मभूमी असलेल्या व्हिएन्नात नाझी राजवटीने त्यांच्या संगीतावर बंदी घातली होती. त्याच व्हिएन्नाच्या वादकांपुढे १९७० च्या दशकात उभे राहून बर्नस्टाइन यांनी हे संगीत पुन्हा त्यांच्या अंगवळणी पाडले. तुमच्याच शहराचे धन परक्या देशातून आलेला माणूस तुम्हाला समजावतो आहे, हा प्रसंग विचार करण्यासारखा आहे.

आता हिशेबाची दुसरी बाजू. फिलहार्मोनिकच्या पदावर असलेल्या अकरा वर्षांत त्यांच्या हातून दोनच मोठ्या रचना पूर्ण झाल्या : ‘कॅडिश’ ही तिसरी सिंफनी आणि १९६५ ची ‘चिचेस्टर साम्स’. पद सोडल्यावर मोकळा वेळ मिळाला, पण ‘वेस्ट साइड स्टोरी’सारखे यश पुन्हा लाभले नाही, १९७६ ची एक मोठी संगीतिका ब्रॉडवेवर सात प्रयोगांत बंद पडली. व्यासपीठावर ते उड्या मारीत, घामाघूम होत, आणि समीक्षक हॅरॉल्ड शॉनबर्ग त्याची सातत्याने टवाळी करीत. कम्युनिस्टविरोधी लाटेत १९५३ साली त्यांचे पारपत्र अडवले गेले आणि ते परत मिळवण्यासाठी त्यांना मानहानीकारक प्रतिज्ञापत्र लिहून द्यावे लागले. १९७६ साली पत्नी फेलिशियाला सोडून ते एका पुरुष मित्रासोबत राहायला गेले. वर्षभराने परतले, पण तिला कर्करोग झाला आणि १९७८ मध्ये ती वारली. ते अपराधीपण त्यांना शेवटपर्यंत टोचत राहिले. असे हे आयुष्य होते. त्याचे गोडवे गाऊन काही साधणार नाही.

तरीही हिशेबात राहिलेली ओळ मी म्हटली ती ही. बर्नस्टाइन यांच्या दोन कामांत जो सांधा होता तो शिकवण्याचा. तालमीत ते वादकांना शिकवीत, टँगलवूडमध्ये दर पिढीच्या तरुण संचालकांना शिकवीत, दूरचित्रवाणीवर मुलांना शिकवीत. १९७३ साली हार्वर्डमध्ये त्यांनी सहा व्याख्याने दिली आणि चॉम्स्की यांचे भाषाशास्त्र संगीताला लावून पाहिले. भाषा जशी माणसात उपजत असते तसे संगीताचे व्याकरणही असते का, हा त्यांचा प्रश्न. भाषाशास्त्रज्ञांनी आणि संगीतशास्त्रज्ञांनी त्यात चुका काढल्या. पण व्याख्याने आजही लोक ऐकतात, कारण त्यांत एक माणूस सर्वांसमोर विचार करताना दिसतो.

सोपे करून सांगणारा माणूस उथळ असतो, असा एक समज विद्वानांत सर्वत्र आढळतो. बर्नस्टाइन यांनी सोपे केले ते वगळून नव्हे. संज्ञा टाळली, पण विषयाचा अवघड भाग टाळला नाही; मुलांपुढेही नाही. मेंढ्यांच्या गोष्टीने त्यांनी हसवले आणि हसण्याच्या शेवटी सौंदर्यशास्त्राचा सर्वांत अवघड प्रश्न ठेवला. स्वतःला रचनेचा विसावा आणि आघात आतून ठाऊक असल्याशिवाय असे करता येत नाही. म्हणजे त्यांच्यातल्या शिक्षकाने रचनाकाराचा वेळ खाल्ला हे खरे, पण तो शिक्षक उभा होता तो त्या रचनाकाराच्याच खांद्यावर.

२५ डिसेंबर १९८९ रोजी, बर्लिनची भिंत उघडल्यानंतर सुमारे दीड महिन्याने, त्यांनी पूर्व बर्लिनमध्ये बीथोव्हनची नववी सिंफनी केली. वादक दोन्ही जर्मनींतून आणि युद्धातल्या चारही विजेत्या देशांतून आलेले. शेवटच्या गीतातला ‘आनंद’ हा शब्द बदलून त्यांनी तिथे ‘स्वातंत्र्य’ हा शब्द घातला. शुद्धतावाद्यांना ते खटकले. पण त्या दिवशी त्या रचनेचा अर्थ काय, हे एका शब्दात सांगून झाले होते. पुढच्या वर्षी १९ ऑगस्टला टँगलवूड येथे, जिथे पन्नास वर्षांपूर्वी विद्यार्थी म्हणून ते आले होते, त्यांनी बीथोव्हनची सातवी सिंफनी केली. तिसऱ्या भागात खोकल्याची उबळ आली, ते कठड्याला टेकले, वादक वाजवत राहिले, आणि शेवट त्यांनी पूर्ण केला. तो त्यांचा अखेरचा कार्यक्रम. १४ ऑक्टोबर १९९० रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. माहलरच्या पाचव्या सिंफनीची संहिता त्यांच्यासोबत पुरली आहे.

शेवटी एक विनंती. आपल्या घरी नातवंडे असतील तर त्यांना जवळ बसवून मुलांसाठीच्या मैफलींपैकी एखादी पाहा; ध्वनिचित्रमुद्रणे उपलब्ध आहेत. इंग्रजी आड आली तर मध्ये थांबवून आपल्या मराठीत सांगा. पेटीवर षड्ज धरा, तीव्र मध्यम लावा, पंचमावर या, आणि ‘मारिया’ ऐकवा. मग त्याच स्वरांवरून यमनाकडे वळा. त्या घटकाभरात बर्नस्टाइन यांचेच काम आपण पुढे चालवीत असाल.